ज्याला आपण ‘मृत साठा’ म्हणता, त्या पाण्याविषयी: उजनीच्या पाण्याचे नियोजन करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
उजनी धरणाच्या पाण्याची आवर्तने (कालव्यात व नदीत ठरावीक काळाने पाणी सोडण्याच्या पाळ्या) ठरवणारे सर्व लोकप्रतिनिधी, जलसंपदा व मत्स्यव्यवसाय या खात्यांचे अधिकारी आणि पाणी वापर संस्थांचे प्रतिनिधी

विषय: जलाशयाची पातळी ठरवताना मासळीच्या विणीचा आणि मासेमारीचा विचार व्हावा, याबाबत.

सन्माननीय महोदय आणि महोदया,

मी इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाणफुगवट्याच्या काठी राहणारा मच्छीमार आहे. माझ्या आजोबांनी भीमेच्या वाहत्या पाण्यात जाळे टाकले, वडिलांनी 1980 मध्ये धरण पूर्ण झाल्यानंतर साठलेल्या पाण्यात टाकले आणि गेली सव्वीस वर्षे मी त्याच पाण्यात टाकतो आहे. मी कोणत्याही पक्षाचा किंवा संघटनेचा पदाधिकारी नाही. तरीही भिगवणपासून धरणाच्या भिंतीपर्यंत दोन्ही काठांवर, म्हणजे इंदापूर, दौंड, कर्जत, करमाळा आणि माढा या तालुक्यांत, मासळीवर पोट असलेली जी कुटुंबे आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकांना या पत्रातील मजकूर आपलाच वाटेल, अशी माझी खात्री आहे.

आपल्या नियोजनाची भाषा टक्के आणि टीएमसी (अब्ज घनफूट) यांची आहे, म्हणून मीही तेथूनच सुरुवात करतो. उजनीची एकूण साठवण सुमारे 117 टीएमसी असून त्यापैकी 53.57 टीएमसी उपयुक्त साठा आणि 63.66 टीएमसी मृत साठा, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खालचे पाणी, मानला जातो. वर्तमानपत्रात येणारी टक्केवारी केवळ उपयुक्त साठ्याची असते, त्यामुळे ‘उजनी शून्यावर’ ही बातमी ज्या दिवशी छापून येते, त्या दिवशी धरणात निम्म्याहून अधिक पाणी शिल्लक असते, ही गोष्ट काठावरच्या माणसाला ठाऊक असली तरी लांबच्या वाचकाला सहसा ठाऊक नसते. त्यानंतर उन्हाळाभर ‘वजा’ टक्के मोजले जातात. 2023 च्या पावसाळ्यात धरण पूर्ण भरले नाही आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये साठा वजा साठ टक्क्यांच्या जवळ गेला. याचा अर्थ मृत साठ्यातीलही सुमारे 32 टीएमसी पाणी उपसले गेले आणि एकूण साठवणीच्या चौथ्या हिश्शापेक्षा थोडेसे अधिक पाणी मागे उरले.

ज्या पाण्याला कागदावर मृत म्हटले आहे, ते पाणी फेब्रुवारी-मार्चपासून मृगापर्यंत मासळीचे एकमेव घर असते. पुढच्या वर्षी वीण देणारी मोठी मादी त्याच पाण्यात उन्हाळा काढते. हा साठा गणिताच्या सोयीसाठी शून्याच्या खाली धरला गेला असेल, पण त्याला ‘मृत’ म्हटल्यामुळे त्यात काही जिवंत आहे, याची आठवण बैठकीत कोणालाही राहत नाही, आणि माझी मुख्य तक्रार याच विस्मरणाविषयी आहे.

आता पातळीचे सांगतो. उजनी शंभर टक्के भरते तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 496.83 मीटर असते आणि उपयुक्त साठा संपतो तेव्हा ती 491.03 मीटर असते. म्हणजे ज्या 53.57 टीएमसीसाठी एवढ्या बैठका, मोर्चे आणि निवेदने होतात, ते सगळे पाणी अवघ्या 5.80 मीटर उंचीत, दुमजली घराएवढ्या उंचीत, पसरलेले आहे. आमचे धरण खोल नाही, पसरट आहे. सरासरी काढली तर एक मीटर पातळी म्हणजे सव्वानऊ टीएमसी पाणी. कालवे, बोगदा आणि नदी मिळून दहा हजार क्युसेकने (सेकंदाला दहा हजार घनफूट) चोवीस तास पाणी सोडले, तर दिवसाला 0.86 टीएमसी पाणी जाते आणि जलाशय साधारण नऊ सेंटिमीटरने उतरतो. नऊ सेंटिमीटर म्हणजे टीचभरही नव्हे, असे कोणालाही वाटेल. परंतु आमच्याकडचा काठ इतका सपाट आहे की अनेक ठिकाणी शंभर-दोनशे पावले आत गेल्यावर पाणी छातीला लागते. तेथे नऊ सेंटिमीटर उतार म्हणजे काठ एका दिवसात दहा-पंधरा पावले मागे सरकणे होय. जसजसे पाणी खाली जाते, तसतसा त्याचा पसारा आकसतो आणि तेवढ्याच विसर्गाला पातळी अधिक वेगाने पडू लागते.

या काठच्या उथळ पाण्यातच मासळीचा पाळणा असतो. आज उजनीत सर्वांत जास्त सापडणारा मासा चिलापी आहे. मूळचा आफ्रिकेतला हा मासा भारतात 1952 मध्ये आणला गेला. कटला-रोहूसारखा तो पावसाळ्याची वाट पाहत नाही, पाणी उबदार असेल तर वर्षातून अनेकदा वीण देतो. त्याचा नर गुडघाभर-मांडीभर पाण्यात, तळाच्या मातीत आळ्यासारखा गोल खळगा करतो, मादी त्या खळग्यात अंडी घालते, ती तोंडात घेते आणि पिल्ले फुटून पोहू लागेपर्यंत तोंडातच सांभाळते. पुढे ही पिल्ले थवे करून काठाच्या कोमट, शेवाळलेल्या पाण्यात वाढतात. आता मघाचे गणित येथे लावून पाहावे. गुडघाभर पाण्यातला खळगा दिवसाला नऊ सेंटिमीटरच्या उताराने पाच दिवसांत उघडा पडतो. पाणी गेल्यानंतर काठच्या चिखलावर हे खळगे ताटे मांडल्यासारखे ओळीने दिसतात. ज्या अधिकाऱ्यांनी ते पाहिले नसतील, त्यांनी एप्रिलमध्ये एकदा भिगवणच्या बाजूला यावे, मी होडीतून दाखवीन.

मरळीचेही तसेच आहे. ती गवताळ, संथ कडेला वीण देते आणि नरमादी मिळून पिल्लांची राखण करतात. तांबूस पिल्लांचा गोळा पाण्याच्या वर हलताना दिसला की जाणता मच्छीमार तेथे जाळे टाकत नाही. ते गवतच कोरडे पडले तर राखण करून उपयोग काय?

कटला, रोहू आणि मृगळ यांची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण आमच्या घरात चार पैसे या माशांमुळे येतात. हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत. पहिल्या पुराचे गढूळ, वाहते पाणी अंगाला लागले की ते प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि नव्याने बुडालेल्या उथळ जमिनीवर वीण करतात. आमच्या आजोबांच्या तोंडी ‘चढणीचे मासे’ हा शब्द होता, तो याच प्रवासासाठी. उजनीत हे नवे पाणी आमच्या डोक्यावर पडलेल्या पावसाचे नसते, कारण आमचा मुलूख कमी पावसाचा आहे. ते घाटमाथ्याचे, खडकवासला साखळीचे, पवना, मुळशी आणि कुकडी-घोड खोऱ्यांचे पाणी असते. म्हणून जुलैमध्ये आमच्याकडे आकाश कोरडे असतानाही प्रत्येक जण ‘दौंडला विसर्ग किती’ (म्हणजे वरून नदीने किती पाणी येत आहे) एवढे एकच विचारत असतो. दौंडचा आकडा वाढला की दोन-तीन दिवसांत पाण्याचा रंग बदलतो, गाळपेराच्या, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या, जमिनी बुडू लागतात आणि त्यांतले गवत, किडे, गांडुळे यांवर मासा तुटून पडतो. त्या दिवसांत आमच्या जाळ्यात फार काही येत नाही, कारण मासा नव्या पाण्यात पांगलेला असतो, पण त्याबद्दल आमची तक्रार नाही. मासा पांगतो तेव्हाच वाढतो.

या माशांची अंडी चोवीस तासांच्या आत फुटतात, पण त्यानंतर बारीक पिल्लांना तग धरण्यासाठी काठचे संथ पाणी काही आठवडे टिकावे लागते. पाऊस भरपूर झाला आणि धरण एका दमात भरले, तर काहीच प्रश्न येत नाही. कोरडाच दुष्काळ पडला, तर वीणच होत नाही आणि त्यात कोणाचा दोष नसतो. नुकसान होते ते मधल्या वर्षांत. आठ-दहा दिवस वरून पाणी येते, पातळी एक-दीड मीटर चढते, मासा वीण करतो, मग वरचा पाऊस थांबतो आणि नेमक्या त्याच वेळी खालची मागणी सुरू होते. चढलेले पाणी पंधरवड्यात पुन्हा उतरते. सखल भागात डबकी तुटतात, त्यात लाखो पिल्ले अडकतात आणि बगळे, कावळे व ऊन मिळून चार दिवसांत ती संपवतात. आम्ही मुलाबाळांसह घमेली घेऊन ती पिल्ले मोठ्या पाण्यात नेऊन सोडली आहेत, पण घमेल्याने किती वाचणार!

पाणी सोडूच नये, असे मी म्हणत नाही. सोलापूर शहराने आणि पंढरपूरने पाणी प्यावे, आषाढीला चंद्रभागेत वारकऱ्यांना स्नान मिळावे, कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचा ऊस आणि डाळिंब वाळू नये, हे आम्हालाही हवे आहे. काठावरचा शेतकरी तर आमचा शेजारीच आहे. पाणी उतरू लागले की तोही रात्री-अपरात्री मोटार, पाइप आणि केबल पुढे सरकवत धावत असतो. पूर येण्याचा धोका असेल तेव्हा मासळीचा विचार न करता दरवाजे उघडलेच पाहिजेत. माझे म्हणणे फक्त इतके आहे की जेवढे पाणी सोडायचे तेवढे सोडताना ते कधी आणि किती वेगाने उतरेल, हाही हिशेब मांडला जावा.

येथे एक बारकावा आहे, जो पुष्कळदा आमच्या हितचिंतकांनाही उमगत नाही. पाणी रोज थोडे थोडे, महिनोन्महिने उतरत राहणे बरे, की आवर्तन जोरात सोडून नंतर पाणी स्थिर ठेवणे बरे, असे मला उन्हाळ्यापुरते कोणी विचारले, तर मी दुसरा मार्ग पत्करीन. पाणी एकदा उतरून तीन आठवडे एका जागी थांबले, तर चिलापीला खळगा करण्यापासून पिल्ले बाहेर सोडण्यापर्यंतचा एक फेरा पूर्ण करता येतो. रोजच्या रोज काठ सरकत राहिला, तर एकही खळगा तडीस जात नाही. कालव्याच्या टेलपर्यंत पाणी पोचवायलाही जोरच लागतो, म्हणजे येथे शेतकऱ्याचे आणि मासळीचे हित एकच आहे. मात्र कालव्याचे आवर्तन संपते न संपते तोच नदीचे आवर्तन सुरू होते आणि दोहोंमधले स्थिर दिवस हरवतात. शक्य तेथे कालवा आणि नदी यांची आवर्तने एकाच वेळी घेऊन त्यांच्यानंतर निश्चित विश्रांती ठेवावी, अशी माझी विनंती आहे. पावसाळ्यात नियम उलटा हवा. पहिल्या मोठ्या चढीनंतर निदान तीन आठवडे, पूर आणि पिण्याचे पाणी ही दोन कारणे वगळता, पातळी झपाट्याने खाली आणू नये.

उतरत्या पाण्याचा आणखी एक परिणाम असा की सुरुवातीला मासेमारी उत्तम चालते. मार्च-एप्रिलमध्ये मासा आकसलेल्या पाण्यात गोळा होतो, संध्याकाळी लावलेली जाळी पहाटे जड येतात, भिगवणच्या बाजारात आवक वाढते आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की पाणी कमी झाल्याने मच्छीमाराचे भलेच झाले. वास्तविक त्या दिवसांत आम्ही मुद्दल खात असतो. भाव पडतात, म्हणून आम्ही अधिक जाळी टाकतो, आणि मग काही जण बारीक आसाची (लहान छिद्रांची) जाळी ओढून बोटाएवढी पिल्लेही काढतात. हा दोष आमच्यातल्याच लोकांचा आहे आणि तो मी झाकणार नाही. माझ्या वडिलांनी एका दुष्काळी वर्षी असे जाळे ओढले होते. पुढची दोन वर्षे आमच्या घरात जी ओढाताण झाली, ती लहानपणी मी पाहिली आहे. त्यामुळे बारीक जाळ्यांवर कारवाई व्हावी, या मताचा मी आहे. पण पाणी वजा चाळीसच्या खाली गेल्यावर ही कारवाई काठाकाठाने करत बसण्यापेक्षा, जुन्या नदीपात्रातले खोल डोह आधीच राखीव जाहीर करून त्यांत कोणतेही जाळे टाकू न देणे अधिक सोपे आणि परिणामकारक ठरेल. जुने डोह कोठे आहेत, हे आमच्या म्हाताऱ्यांना धरणाआधीपासून माहीत आहे. पळसदेवच्या जुन्या मंदिराचे अवशेष पाण्याबाहेर आले की कोणत्या डोहावर किती पाणी उरले असेल, याचा अंदाज ते काठावर उभे राहून सांगतात.

उन्हाळ्याच्या शेवटी पाणी कमी उरते तेव्हा त्याची प्रतही बिघडते, कारण पुणे आणि पिंपरी-चिंचवडकडून येणारी घाण कमी पाण्यात अधिक दाट होते. पाणी हिरवे पडते. दिवसा हे शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडते आणि रात्री तेच तो ओढून घेते, त्यामुळे पहाटे मासा वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतो. त्या अवस्थेत पातळी आणखी पाऊणएक मीटर खाली गेली तर काय होते, ते काठावर तरंगणारी मेलेली मासळी सांगते. प्रदूषणाचा विषय मोठा आहे आणि तो या पत्रात मावणार नाही. येथे मुद्दा एवढाच की तळाला किती पाणी ठेवायचे हे ठरवताना ते पाणी मासळीला श्वास घेण्याजोगे राहील का, हे मत्स्यव्यवसाय खात्याला विचारले जावे.

मत्स्यबीजाबाबतही पातळीचा विचार व्हावा. 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशातील अंगुल येथे संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन प्रमुख कार्प माशांची वीण घडवून आणली. त्या यशामुळेच आज कटला-रोहूचे बीज नदीवर अवलंबून न राहता केंद्रात तयार होते. हे फार मोठे काम आहे आणि वाहते पाणी अडल्यावर आमच्या जलाशयात हे मासे टिकले, ते त्या शोधामुळे. पण बीज सोडण्याची वेळ जर कागदावरच्या तारखेने ठरली आणि त्या दिवशी पाणी उतरते असेल, तर ती बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) काठाच्या डबक्यात अडकते किंवा मोठ्या माशांच्या तोंडी जाते. पाणी चढते असताना अथवा स्थिर झाल्यावर, चांगली चार इंचांच्या आसपास वाढलेली बोटुकली सोडावी आणि सोडताना काठच्या मच्छीमारांना बरोबर घ्यावे, एवढे झाले तरी त्याच खर्चात दुप्पट मासा हाती लागेल, असे माझे अनुभवाचे मत आहे.

पातळीच्या बदलाची पूर्वसूचना हा विषय छोटा वाटेल, पण माझ्या घरावर त्याचा घाव बसलेला आहे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या सुरुवातीला, वरून अचानक आलेल्या पाण्याने माझी बावीस जाळी एका रात्रीत जलपर्णीच्या ढिगांबरोबर ओढून नेली. ती सावकाराकडून उचल घेऊन विकत आणलेली होती. त्या रात्री कोणाची चूक झाली, हे शोधण्यात मला रस नाही. दौंडच्या पुढे किती पाणी येणार आणि धरणातून किती सुटणार, हे ज्यांच्या टेबलावर आधी पोचते, त्यांनी ते त्याच क्षणी नोंदणीकृत मच्छीमारांच्या मोबाइलवर मराठीत पाठवावे, एवढेच मागणे आहे. नदीकाठच्या गावांना पुराचा इशारा देण्याची पद्धत आहेच, तीच जलाशयाच्या आतल्या माणसांपर्यंत वाढवायची आहे. 2025 च्या मे महिन्यात मृगाच्या आधीच जोराचा पाऊस होऊन पाणी वेळेआधी चढले, तेव्हा काठावर ठेवलेली किती तरी होड्या-जाळी आम्हाला रातोरात ओढून वर न्यावी लागली. हवामान असे अवेळी वागू लागले आहे, तेव्हा ‘जूनपर्यंत पाणी येणार नाही’ या जुन्या भरवशावर कोणालाच राहता येणार नाही.

शेवटी प्रतिनिधित्वाचा मुद्दा. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत शेती, पिण्याचे पाणी आणि उद्योग यांची मागणी टीएमसीत मांडली जाते. मासळीला पाणी उपसून लागत नाही, म्हणून तिच्या मागणीसाठी रकाना नाही. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, त्याचे आम्ही मनापासून स्वागत केले. ज्या व्यवसायाला शेतीचा दर्जा आहे, त्याचा एक माणूस शेतीच्या पाण्याचे वाटप ठरते त्या खोलीत बसावा, ही मागणी त्या निर्णयातूनच निघते. त्याला मतदानाचा अधिकार नसला तरी चालेल, पण ‘या आठवड्यात वीण आहे, आवर्तन आठ दिवस पुढे ढकलता येईल का’ हा प्रश्न विचारण्याची मुभा त्याला असावी. पुष्कळदा उत्तर ‘नाही’ असेच येईल, हे मला समजते. काही वेळा ते ‘हो’ येईल, आणि त्या काही वेळांवर आमचे पुढचे वर्ष उभे राहील.

गेल्या अकरा वर्षांची एक वही माझ्याकडे आहे. तीत रोजची पातळी, दौंडचा विसर्ग, पाण्याचा रंग, कोणत्या जातीचा किती मासा आला आणि पिल्ले प्रथम कधी दिसली, हे मी जमेल तसे लिहून ठेवले आहे. काही दिवस राहून गेले आहेत आणि वजनाचे आकडे अंदाजाचे आहेत, परंतु पातळी आणि मासळी यांचा मेळ त्यातून नक्की दिसतो. पुढील आवर्तनाच्या बैठकीआधी आपण दिवस आणि ठिकाण कळवावे, मी ती वही घेऊन येईन.

आपला विश्वासू,
उजनीच्या पाणफुगवट्यावरील एक मच्छीमार